हळद बांधलेला अंगठा

ये, अशी जवळ सरक. कागदावरनं बोलतेय म्हणून लांब बसायचं नसतं. आणि काय गं, आजीला फॉर्मचा फोटो धाडतेस, वर लिहितेस, ‘बाबा जहाजावर जायला सही देत नाहीत, तूच मार ना त्यांची, कुणाला कळतंय!’ कळतं बाई. उशिरा कळतं, पण कळतं.

भिंतीवरच्या फोटोतला गणवेशातला पोरगा तुझ्या बापाचा मामा, माझा पाठचा भाऊ, एवढंच तुला ठाऊक. गावातल्या नदीला आम्ही गंगाच म्हणायचो. तिला पूर आला की उडी टाकायला हाच पहिला. सतरावं लागलं आणि नौदलाचा फॉर्म घेऊन आला. वडील नव्हते, म्हणून आईचा अंगठा हवा होता. आई म्हणाली, "गंगेचा पलीकडचा काठ दिसतो तरी. तुझ्या त्या पाण्याला काठ आहे का?" नाही म्हणजे नाही.

दोन दिवस तो जेवला नाही. तिसऱ्या दिवशी आई कामावर गेल्यावर शेजारच्या कारकुनाकडनं शाईची डबी घेऊन आला.

"ताई, तुझा दे. अंगठ्यावर काय नाव लिहिलेलं असतं?"

मलाही तेव्हा सही येत नव्हती. अक्षरं मी पुढं तुझ्या बापाच्या पाटीवर गिरवली. दिला अंगठा. हसत दिला, तेही सांगते.

शाई काही निघेना. राख झाली, रॉकेल झालं. संध्याकाळी आईनं बघितलंच.

"काय झालं गं?"

"चेचला. पाट्याखाली."

आईनं तेलात हळद गरम केली, अंगठ्याला लावली, वर जुन्या लुगड्याची चिंधी बांधली. इतकी घट्ट, की धडधाकट बोट ठणकायला लागलं.

तो गेला. पत्रं यायची, कारकून वाचून दाखवायचा. मग लढाई लागली. साऱ्या कॉलनीनं खिडक्यांना काळे कागद लावले. सकाळी बाकीचे काढायचे, आई आमचे काढू द्यायची नाही. भरदुपारी घरात अंधार. एकदा नळावरनं घागर उचलता उचलता थांबली. म्हणाली, "आज पाणी जड लागतंय." रोजचीच घागर, रोजचंच पाणी.

चार दिवसांनी तार आली. जहाज बुडालं होतं, आमचा सापडला नव्हता.

पुढं त्याची किनाऱ्यावर राहिलेली ट्रंक घेऊन एक माणूस आला. पोचल्याच्या कागदावर अंगठा मागितला. आईनं दोन्ही हात पदराखाली घेतले.

"पहिल्या कागदावर हिचाच आहे," म्हणाली. "यावरही हीच देईल."

म्हणजे चिंधी बांधतानाच तिला कळलं होतं. मी दिला अंगठा. शाई तशीच जांभळी होती. त्यानंतर माझं काही कापलं, भाजलं, तर आई हळदीचा डबा माझ्यापुढं सरकवायची. स्वतः कधी लावली नाही.

जाऊ नको असं मी म्हणत नाही. तुझ्या बापाला यातलं काही माहीत नाही, तो नुसता त्या फोटोला घाबरतो. अंबडच्या कारखान्यातली शिफ्ट सुटली की त्याला घेऊन ये, फॉर्मही आण. दोघांसमोर सगळं सांगते. मग त्यानं सही द्यावी नाही तर फाडावा. मला आता सही येते गं, कुणाचीही येईल, त्याचीच भीती वाटते. मुदत शुक्रवारची दिसतेय. आणि दुपारपासनं माझा अंगठा ठणकतोय.

शुक्रवारची वाट बघू नकोस. उद्याच ये.