आधी खोकं उघड

गिरडजवळच्या त्या गल्लीत भर दुपारी कोणी घरी सापडेल तर शप्पथ. कोणी वावरात, कोणी जंगलात. सापडते ती एकटी देवकाबाई, कारण तिची पिठाची चक्की आहे. म्हणून गल्लीतल्या कोणाचंही ऑनलाइन मागवलेलं पार्सल आलं की कुरिअरवाला राकेश तिच्याच दारात गाडी लावायचा. पैसे द्यायचे असले तर देवकाबाई पदरचे द्यायची, ज्याचे त्यानं संध्याकाळी आणून द्यायचे. शेजार म्हणजे दुसरं काय असतं?

हाच शेजार कोण्या भामट्यानं बरोबर हेरला. हिवाळ्यात समोरच्या रुपाच्या नावानं बाराशेचं पार्सल आलं. देवकाबाईनं पैसे दिले. रुपा घरी आली अन् म्हणाली, मी तं काहीच मागवलं नाई. उघडलं तर आत जुन्या चादरीचे तुकडे. पाठवणाऱ्याचा फोन बंद. रुपा बिचारी तरी पैसे घेऊन आली, पण देवकाबाईनं हात लावला नाही. बाई अशी चिडली होती की दोन दिवस दळायला येणाऱ्यांशीही धड बोलली नाही.

"आई, लोकाइचे पार्सल घेनं बंद कर आता," मुलगा चंद्रभान म्हणाला.

"काऊन? चोरानं मले लुबाडलं म्हणून मी शेजार सोडू? पार्सल घेईन. पण पाह्यल्याशिवाय पैसे देनार नाई."

मे महिना लागला. शेजारची रक्षा तेंदूपत्ता तोडायला पहाटेच जंगलात जायची. जाताना सांगून गेली, "मावशी, माही शिलाई मशीन येनार हाय. घेऊन ठेवजा." तिच्या बचत गटाला शाळेचे गणवेश शिवायचं काम मिळालं होतं. जुनी मशीन मोडलेली, अन् शाळा उघडायच्या आत कपडे द्यायचे. मशीन नाही तर काम दुसरीकडे जाणार, हे देवकाबाईला पक्कं ठाऊक होतं.

अकराच्या सुमारास राकेश मोठं, जड खोकं घेऊन आला.

"रक्षाचं हाय. चार हजार द्या, मावशी."

"उघडून दाखव."

"आमच्यात तसा नियम नाई. आधी पैसे, मग उघडा."

"मंग ने परत."

राकेश काही चोर नव्हता. वरून जे खोकं मिळेल ते तो आणायचा. तो काकुळतीला आला. "मावशी, रक्षाचंच नाव हाय न यावर. परत गेलं तं पोरगी तुमालेच बोलन."

"नाव तं रुपाचंही होतं."

देवकाबाईनं रक्षाला फोन लावला. जंगलात कुठली रेंज? दळण घेऊन बसलेले नत्थूजी मध्ये बोलले, "देऊन टाका न बाई. पोरीचं काम अडते."

"तुमी देता का?"

नत्थूजी पिठाच्या पिशवीचं तोंड बांधायला लागले.

खोकं गेलं. बाईनं चक्की सुरू केली खरी, पण तिचं मन थाऱ्यावर नव्हतं. पोरीची मशीन आपण आपल्याच हातानं घालवली, हा विचार तिला दिवसभर खात होता.

रक्षा परतली तशी देवकाबाईनं आडपडदा न ठेवता सांगितलं, "मशीन आलती. म्या परत पाठवली."

रक्षानं डोक्यावरचा भारा उतरवला. "काऊन, मावशी?"

"उघडून दाखवत नोता. चार हजार मांगे."

"चार हजार? कायचे? म्या तं मागवतानाच सारे पैसे भरले."

म्हणजे ते खोकंही त्या भामट्याचंच होतं! सुटल्यासारखं होऊन देवकाबाईला रडूच आलं, अन् रडता रडता तिनं त्या न पाहिलेल्या भामट्याला अशा शिव्या हासडल्या की रक्षानं कानावर हात ठेवले.

खरी मशीन तिसऱ्या दिवशी आली. रक्षा त्या दिवशी मुद्दाम घरीच थांबली होती.

"याचे पैसे भरलेले हायेत," राकेश म्हणाला. "सही करा, मी जातो."

"थांब. रक्षा, मोबाइल काढ, शूटिंग घे. खोकं उघडू दे."

"आता कायले, मावशी?" राकेशनं विचारलं. "तुमाले तं काहीच द्याचं नाई."

"मले नाई. तिनं तं देल्ले न? तिच्या घामाचे हायेत ते. थांबजो."

राकेशनं गाडी बंद केली अन् कात्री मागितली.