रिकाम्या चुंबकातला स्पेक्ट्रम

अमावास्येला मोपेड विकत आणली म्हणून माझ्या सासूबाईंनी माझ्याशी अबोला धरला होता. म्हणजे असल्या गोष्टींवर माझा किती विश्वास, ते तुमच्या लक्षात आलं असेल. तरीही हे लिहायला बसलेय...

नव्वदच्या दशकाचा शेवट. जळगावातल्या एका प्रयोगशाळेत मी एनएमआरचं यंत्र सांभाळायची. बारीक काचेच्या नळीत द्रावण भरून ती मोठ्या चुंबकात सोडली, की त्या पदार्थाच्या रेणूची रचना सांगणारा आलेख – स्पेक्ट्रम – मिळतो.

मे महिन्यात साक्रीकडची मनीषा आली. पीएच.डी. करणारी, शेतकऱ्याची पोर. सोबत वडील, त्यांना ती नाना म्हणायची. नानांच्या मांडीवर थर्मास, त्यात बर्फ, बर्फात ती नळी. बांधावरच्या अंजनाच्या झाडाच्या सालीतून तिने काढलेला पदार्थ – होता नव्हता तेवढा सगळा त्या नळीत. तिने मांडलेली रचना तिच्या गाइडना मान्य नव्हती. बरोबर कोण, ते हा एक स्पेक्ट्रम ठरवणार होता. ती चुकली असती तर प्रबंध बुडालाच.

माल इतका कमी, की यंत्राला तासन्‌तास मोजावं लागणार आणि मधूनमधून स्वतःला जुळवून घ्यावं लागणार. ते काम ऑटोमेशनच्या प्रोग्रॅमचं. नुकतंच नवं सॉफ्टवेअर टाकलं होतं आणि नेमका तोच प्रोग्रॅम कंपाइल होईना! कंपाइल झाल्याशिवाय चालवायची फाइलच तयार होत नाही. डिस्क भरलीय का पाहिलं, फाइलींच्या परवानग्या तपासल्या, प्रोग्रॅम ओळ न्‌ ओळ वाचला. एरर तीच. मी पण हट्टाला पेटले.

दुपारी मनीषा नळी प्लास्टिकच्या धारकात बसवत होती. कट्‌कन आवाज आला. नळी मोडली, द्रावण फरशीवर... टिपून घेण्याइतकंही उरलं नाही. ती तिथेच बसून रडायला लागली.

नाना तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "काब्र रडी ऱ्हायनी, बेटा? झाड तं तठेच शे ना!"

सॅम्पल गेलं, पण एररला मी सोडणार नव्हते. संध्याकाळी चोर सापडला – नव्या सॉफ्टवेअरने कंपाइलर दुसऱ्या डिरेक्टरीत हलवला होता आणि प्रोग्रॅम त्याला जुन्या जागी शोधत होता. प्रोग्रॅमला नवी जागा दाखवली, कंपाइल झालं. सहज मनीषाच्या नावाने सकाळी केलेलं रिकामं फोल्डर उघडलं, आणि आत एक पूर्ण स्पेक्ट्रम!

फाइलवर वेळ त्याच सकाळची. तेव्हा नळी बर्फात होती, चुंबक रिकामं होतं आणि प्रोग्रॅम तर कंपाइलच झालेला नव्हता. संगणकाचं घड्याळ तपासलं – बरोबर. जुनं काही उघडलं म्हणावं, तर हा पदार्थ त्याआधी कुठल्याच यंत्रात गेला नव्हता. मी स्पेक्ट्रम कागदावर छापला आणि मनीषाला हाक मारली.

मनीषाने आलेखातलं एकेक शिखर – पीक – मोजलं. "मॅडम, माझीच रचना आहे ही," ती हळूच म्हणाली.

"घाल मग प्रबंधात!"

"नाही. नळी आत गेलीच नाही. हा माझ्या नावावर कसा लावू?"

कागदाची घडी करून तिने माझ्याच हातात दिली. गाइडना सांगितलंसुद्धा नाही. मला तिचा रागच आला. चालून आलेली लक्ष्मी लाथाडते म्हणजे काय?

पुढच्या उन्हाळ्यात ती पुन्हा आली, नवी साल, नवी नळी घेऊन. ह्या वेळी नळी मी स्वतः चुंबकात सोडली. स्पेक्ट्रम आला. दोन्ही कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेवर धरले... पीकवर पीक, तंतोतंत. नवा स्पेक्ट्रम पाहून गाइडनी निमूट सही केली.

मी न राहवून विचारलं, "तुझं बरोबर आहे हे माहीत झालं होतं ना? मग एवढं वर्ष कशाला घालवलंस?"

"मॅडम, ते यंत्राला माहीत होतं. मला नव्हतं."

यंत्राला कसं माहीत होतं, ते मात्र मला आजही सांगता येत नाही.