माशाच्या डोळ्यातलं भिंग

येलदरीच्या शाळेत मी विज्ञान शिकवत होते तेव्हाची गोष्ट. धरणावर मासे धरणाऱ्या घरातली एक बाई दर बाजाराला मासे आणून द्यायची. मी तिला मावशी म्हणायचे. एकदा तिच्याकडून रोहूचं डोकं घेतलं, वर्गात त्याचा डोळा कापला आणि आतलं भिंग वर्तमानपत्रावर ठेवलं. वाटाण्यासारखं गोल. खालची अक्षरं मोठी दिसू लागली.

मावशी टोपली घेऊन दारातच बसली होती. "आमच्या डोळ्यातबी असंच असतंय का?" तिनं विचारलं.

"असतं, पण चपटं. आपल्या डोळ्यात शिरतानाच उजेड वळतो. पाण्यात तसा वळत नाही, म्हणून माशाचं सगळं काम या गोल भिंगालाच करावं लागतं."

"आन् गढूळ पाण्यात?"

"तिथं फारसं दिसत नाही. अंगावरच्या रेघेनं त्याला पाण्याची हालचाल कळते."

मग ती म्हणाली, "मला दोन दिसांपासून तसंच दिसायलंय. गढूळ. दिव्याभोवती रंगाची कडी दिसायलीत, आन् डोकं लय ठणकायलंय."

तासभर मी डोळ्याबद्दलच बोलत होते, पण हे काय असावं ते मला कळलं नाही. परभणीला दाखवू, एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी निघालो, तर एसटी जिंतूरलाच थांबली. विद्यापीठाच्या नामांतरावरून दंगल पेटली होती, पुढं गाडी नव्हती. दुपारपर्यंत ती स्टँडवर ओला पदर कपाळाला धरून बसली, मग आम्ही परत आलो. पुढचा पंधरवडा गाड्या धड सुरू झाल्याच नाहीत. मी रोज जाऊन गाडीचं विचारायचे. रोज तेच उत्तर.

शेवटी गाडी मिळाली तेव्हा परभणीच्या डॉक्टरांनी तिला तपासलं आणि माझ्याकडं पाहून म्हणाले, "इतके दिवस काय करत होतात?" काचबिंदू होता. गेलेली नजर परत येणार नव्हती.

बाहेर आल्यावर मावशीच म्हणाली, "तुमी काय करणार बाई. गाड्याच नव्हत्या."

परतीच्या एसटीत ती माझा हात धरून बसली.

"कोणतं गाव आलं?"

"झरी."

"रानात काय हाय?"

"मूग. शेंगा धरल्यात."

"सांगत राव्हा."

मी सांगत राहिले. बोरी मागं पडल्यावर मला रडू आलं आणि मी थांबले. तिनं पुन्हा विचारलं नाही.