सवतीचं काजळ

आमच्या घरात सवत आली ती एका शनिवारी, खोपोलीहून येणाऱ्या गाडीने, ह्यांच्या पिशवीत जुन्या टॉवेलात गुंडाळून. हे तसेच आत आले, ओट्यावरचं माझं निवडायला घेतलेलं तांदळाचं ताट बाजूला सरकवलं आणि तिथे ती पेटी ठेवली. चपात्यांच्या डब्याएवढी, काळी, कडी लावलेली.

"हात लावू नकोस हं," मला म्हणाले.

लग्न होऊन भिसेगावच्या या घरात आल्यापासून माझ्या ओट्यावरच्या वस्तूला हात लावू नकोस असं मला कुणी म्हटलं नव्हतं. सासूबाई होत्या तोवर त्यांनीसुद्धा नाही. माझं डोकं तिथेच फिरलं.

हे खोपोलीच्या एका कारखान्यात मापं दाखवणारी यंत्रं दुरुस्त करायचे. वाफेचा दाब, भट्टीची उष्णता, असलं काहीबाही आपोआप कागदावर लिहीत बसणारी यंत्रं. त्यांच्या साहेबांच्या ओळखीने घाटावरच्या ग्लायडिंग क्लबातली ही पेटी दुरुस्तीला आली होती. ग्लायडर म्हणजे बिनइंजिनाचं विमान. दुसरं विमान त्याला दोराने वर ओढून नेतं आणि सोडून देतं. मग खालून वर चढणारी हवा सापडली तर आणखी वर जायचं, नाही सापडली तर मुकाट्याने खाली यायचं. आणि किती उंच गेलो ते खाली येऊन नुसतं सांगून भागत नाही. थापा काय, कुणीही मारील. म्हणून वैमानिकाच्या पाठीशी ही पेटी ठेवायची. आत किल्लीवर फिरणारं एक नळकांडं, त्यावर गुंडाळलेला ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा, पत्र्यावर काजळी आणि काजळीला टेकलेली सुई. विमान चढलं की सुई चढते, उतरलं की उतरते आणि काळ्यावर पांढरी रेघ उमटत जाते. बॅरोग्राफ तिचं नाव. मी आपली पेटीच म्हणायचे, आणि मनातल्या मनात सवत.

पेटी चालू झाली तसे हे ती परत द्यायला घाट चढून गेले. तिथल्या लोकांनी कौतुकाने ह्यांना एक फेरी मारून आणलं. झालं. गेले ते गेलेच म्हणायचं. त्यानंतरचा एकही रविवार माझ्या वाट्याला आला नाही. पाऊस सुरू झाला की उडणं बंद, तेवढे चार महिने हे घरात, आणि तेही खिडकीशी उभं राहून ढग बघत. शिकून स्वतः उडवायला लागले तेव्हा तर ह्यांना स्वर्ग दोन बोटं उरला. पेटी मात्र ह्यांच्याच हवाली राहिली. दर शनिवारी ती ओट्यावर यायची, तिच्यात तेल घालायचं, किल्ली बघायची, पत्र्यावर नवी काजळी धरायची आणि रविवारी पहाटेच्या गाडीने तिला घेऊन जायचं. मला माहेरी पोचवायला कधी इतक्या जपून नेलं नाही.

काजळी कापराचीच लागायची. हे देव्हाऱ्यातला कापूर घ्यायचे.

"अहो, देवाचा आहे तो."

"दुसऱ्या कशाची इतकी बारीक बसत नाही गं. तेलाची चिकट होते, सुई अडकते."

आणि एवढा देवाचा कापूर जाळून काजळी काय धरायचे, तर एकीकडे जाड खपल्या आणि दुसरीकडे पत्रा चमकतोय. दोन शनिवार मी दाराशी उभी राहून बघितलं. तिसऱ्या शनिवारी मला राहवेना. "सरका," म्हटलं. काजळ धरायला मी आईजवळ शिकलेली. ज्योत पत्र्याला टेकू द्यायची नाही, तिचं शेंडकं तेवढं लागू द्यायचं. हात थांबवायचा नाही. पत्र्याची चकाकी गेली की लगेच बाजूला घ्यायचं, अजून थोडी असा मोह धरायचा नाही. आणि मग त्यावर फुंकर नाही, बोट नाही, काही नाही. पत्रा मखमलीसारखा काळा झाला. ह्यांनी तो खिडकीशी नेऊन उजेडात फिरवून बघितला आणि "वा," म्हणाले. माझ्या पुरणपोळीला या माणसाने कधी वा म्हटलं नव्हतं.

तेव्हापासून ते काम माझ्याकडे आलं. आपलेच दात, आपलेच ओठ. सवत घरात घेतलीच होती, आता तिला दर शनिवारी काजळ घालून नवऱ्याबरोबर पाठवणारीही मीच.

पेटीपुरतं असतं तर मी सोसलंही असतं. पेटीला तोंड नव्हतं. पण हळूहळू ह्यांच्या बोलण्यात 'बाई' यायला लागल्या. बाई म्हणजे क्लबातल्या एक वैमानिक. उडण्याआधी पेटीला लाखेचं सील लावायचं आणि खाली आल्यावर ते फोडून रेघ तपासायची, हा अधिकार त्यांचा. त्यांची सही झाली तर तुम्ही वर गेलात, नाही तर नाही. बाई म्हणाल्या वारं फिरेल. बाई म्हणाल्या डावीकडचं वळण सुधारलं. जेवताना भाजीत मीठ जास्त झालंय का विचारलं तर "हं" म्हणायचे आणि पुढचा घास घेऊन बाई काय म्हणाल्या ते सांगायचे. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

एकदा म्हणाले, "बाई विचारत होत्या, काजळी कोण धरतं? म्हणाल्या, इतकी एकसारखी त्यांनी बघितली नव्हती."

"मग? काय सांगितलंत?"

"सांगितलं, घरीच धरतो."

घरीच. आणि धरतो. मी ताटावरून उठले आणि उरलेली आमटी पातेल्यासकट मोरीत ओतली. ह्यांना वाटलं आमटी आंबली असावी.

मग बिल्ल्याचं निघालं. ओढून नेणाऱ्या विमानाने सोडल्यापासून पुढे हजार मीटर स्वतःच्या हिमतीवर चढायचं. पेटीतल्या रेघेवर ते दिसलं की बिल्ला मिळणार, आणि बिल्ला असलेल्यालाच पावसाळ्यात शिक्षक होण्याच्या अभ्यासक्रमाला पाठवणार. शिक्षक झालं की क्लबातच नोकरी, तिथेच राहायचं. हे कारखाना सोडायला एका पायावर तयार होते. "तुलाही घाटावरची हवा मानवेल," म्हणाले. मला भिसेगावची हवा चांगली मानवत होती. ज्या हवेत ती बाई सकाळ-संध्याकाळ ह्यांच्यासमोर असणार, ती हवा मला कशी मानवणार? शनिवारी देवाच्या कापराने काजळी धरायची आणि रविवारी त्याच देवापुढे बसून सांगायचं, रेघ चढू देऊ नकोस रे बाबा. काजळी मात्र कधी वाईट धरली नाही. हातचं काम बिघडवणं माझ्या हाताला जमत नाही.

वैशाख संपत आला. त्या वर्षीचा उडण्याचा तो शेवटचा रविवार. पुढल्या आठवड्यात अभ्यासक्रमाची नावं जाणार होती, म्हणजे आज नाही तर नाहीच. पहाटे निघताना ह्यांनी पेटीवरून हात फिरवला, माझ्याकडे बघून "येतो" म्हणाले आणि गेले. मी कुरडयांचा चीक शिजवायला घेतला.

दुपारी अंगणात बाजेवर ह्यांचंच जुनं पांढरं धोतर पसरून कुरडया घालत होते. डोक्यावर ऊन, हातात सोऱ्या, डोक्यात बाई. एवढ्यात धोतरावरून एक सावली सरकली. घारींनी त्या महिन्यात वैताग आणला होता. मी मान वर न करता शेजारची काठी उचलून हवेत उगारली. "हाड, मेले," म्हटलं. सावली गेली. जराशाने परत आली, मी परत काठी उगारली. मग आली नाही.

उन्हं कलायच्या सुमाराला दाराशी टेंपो थांबला. ओळखीचा टेंपोवाला, खालापूरहून विटा आणायचा.

"वैनी, तुमचे साहेब खालापूरच्या अलीकडं शेतात उतारलेत. ते पंखवालं घेऊन. ठीक हायेत, लागलं नाय कुठं. पन मी म्हनलं, वैनीला घेऊन येतो."

मी कुरडया तशाच सोडल्या आणि त्याच्या शेजारी बसून निघाले. लागलं नाही असंच सांगतात आधी.

खरंच लागलं नव्हतं. भाताच्या कापलेल्या शेतात ते पांढरं विमान एक पंख बांधावर टेकून बसलं होतं, भोवती सगळा गाव. हे शेतमालकाच्या पडवीत चहा पीत होते, मांडीवर पेटी. त्या घरातली म्हातारी मीठमोहऱ्या उतरवून चुलीत टाकून आली होती आणि आभाळातून पडलेला माणूस चहा पितो कसा ते बघत समोर उकिडवी बसली होती. मला बघून हे उठले. मांडीवरची पेटी आधी सावरली, मग उठले. एवढा वेळ जीव मुठीत धरून आलेली मी, माझ्या सगळ्या भीतीचा त्या क्षणी राग झाला.

"ती तरी ठेवा खाली."

"सील आहे तिला. बाई येईपर्यंत सोडता येत नाही. पोलीस चौकीतून फोन केलाय, निघाल्यात त्या."

बाई आल्या. जीप स्वतः चालवत, मागे विमान वाहून नेणारी लांब गाडी ओढत, बोरघाट उतरून. मी तरणीताठी, नखरेल अशी कुणी मनात धरली होती. ही चाळिशीची, उन्हाने रापलेली, केस पिकायला लागलेले. पँट घातलेली. मला हायसं वाटायला हवं होतं, पण उलट झालं. दोघं विमानाचे पंख सोडवायला लागले आणि मी पडवीतून बघत राहिले. ती नुसतं "हं" म्हणायची की हे उचलायचे. ह्यांनी हात पुढे केला की त्यात बरोबर तोच पाना. एक शब्द नाही. माझं आणि ह्यांचं साधी चादर घडी करतानासुद्धा भांडण व्हायचं. रूपाचा हेवा मी गिळला असता. हा गिळवेना.

मग पडवीत बसून बाईंनी सील तपासलं, फोडलं आणि नळकांड्यावरचा पत्रा अलगद सोडवून कंदिलाच्या स्टुलावर ठेवला. माझी काजळी तशीच होती, आणि तिच्यावर केसासारखी पांढरी रेघ. पहिल्यांदाच बघत होते मी. हे दर वेळी ती तिकडेच पुसून यायचे. बाईंनी पट्टी लावली. रेघ चढत गेली होती, थोडी सपाट, परत चढलेली, आणि मग एकदम उभी. खरं सांगते, तेव्हाही मनात तेच होतं, की पुरी पडू नये.

"हे काय?" बाई म्हणाल्या. त्यांचं बोट रेघेच्या शेंड्यावर होतं. "इथे काय झालं? घाटाच्या कड्याला वारं चांगलं लागलं होतं तुम्हाला. रेघ बघा, उभी चाललीय. नखभर राहिलं होतं हो. आणि इथून एकदम खाली? हवा तुटली?"

"नाही. हवा होती."

"मग?"

हे खाली बघायला लागले. कारखान्यात एवढी यंत्रं सांभाळणारा माणूस, शाळेत उभं केल्यासारखा दिसत होता.

"घर दिसलं," म्हणाले. "भिसेगावचं. अंगणात बाजेवर पांढरं धोतर होतं. ही कुरडया घालत होती. इतक्या वरून कधी दिसली नव्हती. म्हटलं, जवळून बघून यावं."

बाईंनी पट्टी बाजूला ठेवली.

"दोन फेऱ्या मारल्या," हे माझ्याकडे न बघता म्हणाले. "हिने वर बघितलंच नाही. काठी उगारली. मग परत वर जायला हवा मिळाली नाही."

अंगणातली ती सावली, आणि माझा तो "हाड, मेले". पडवीतल्या चार बाया तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. बाई हसल्या नाहीत. त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं, चांगलं निरखून, पायापासून डोक्यापर्यंत.

"काजळी तुम्ही धरता का?" म्हणाल्या.

"हो."

"तरीच."

एवढंच म्हणाल्या. पण त्यांच्या डोळ्यांत जे होतं ते मला ओळखायला वेळ लागला नाही. दोन वर्षं मी तेच उराशी घेऊन बसले होते. माझा कुणी हेवा करावा असं माझ्याजवळ काही आहे, हे मला त्या बाईच्या नजरेतून कळलं.

"सही नाही करता येणार," त्या ह्यांना म्हणाल्या. "या वर्षीचं गेलं."

"ठाऊक आहे," हे म्हणाले.

बाईंनी खिशातून फडकं काढलं. पत्रा पुसून परत वापरतात. तोच ती म्हातारी पुढे सरकली.

"थांब गं बाय. एवढं चांगलं काजळ कशाला पुसतीस? लेकरू आभाळातून पडलंय, त्याला तीट लावू दे मला."

तिचं जाडजूड बोट पत्र्याकडे, नेमकं त्या उतरत्या रेघेकडे निघालं होतं. मी पुढे होऊन तिचं मनगट धरलं.

"कडेचं घ्या मावशी," म्हटलं. "रेघेला हात लावू नका."