चांदभाईंचं दाभण

पुस्तकं रद्दीत घालणार असाल तर आधी मला घाला, असं मी मुख्याध्यापकांना तोंडावर सांगितलं होतं. बिबवेवाडीतल्या आमच्या मराठी शाळेत मी एकतीस वर्षं शिकवलं आणि शेवटची बारा वर्षं ग्रंथालयही सांभाळलं. मी निवृत्त झाले त्याच वर्षी, म्हणजे दोन हजार तीन साली, ग्रंथालयाच्या खोलीत कॉम्प्युटर आले. कॉम्प्युटरला एसी हवा, पडदे हवेत, धूळ नको. पुस्तकांचे असले लाड कधी कुणी केले नव्हते, तरी जायचं मात्र पुस्तकांनी. मी चारशे पुस्तकं रिक्षांत घालून घरी आणली. पाहुणे आले की दारातूनच बोलून जायचे, तेवढा एक फायदा झाला.

अशात माझ्या जुन्या विद्यार्थ्याचा, तेजसचा ईमेल आला. म्हणजे त्याच्या आईने सायबर कॅफेतून छापून आणून दिला. तेजस सॉफ्टवेअरवाला, एका बँकेच्या कामासाठी कंपनीने त्याला मॉरिशसला पाठवलेला. त्याने लिहिलं होतं, ‘बाई, इथे एका गावात शाळा आहे. उसाच्या मळ्यांत राबायला आपल्याकडून आलेल्या माणसांची पतवंडं तिथे मराठी शिकतात. साठ मुलं आणि फाटकी चार पुस्तकं. तुमच्या घरातली पाठवाल का? मी डिसेंबरपर्यंत इथे आहे, तोवर सगळी धावपळ करतो.’ मला तर आनंदाने भूक लागेना.

परदेशी पार्सल तेव्हा मांजरपाटात शिवून, शिवणीवर लाखेचे ठिपके मारून द्यावं लागायचं. हे काम करायला पोस्टाच्या भिंतीला टेकून चांदभाई बसायचे. साठीचे गृहस्थ, चष्म्याची एक काडी गेलेली, तिथे दोरी. चाळीस वर्षं त्यांनी दुसरं काही केलं नव्हतं. त्यांचं दाभण चालायला लागलं की टाके असे पडायचे, जणू मशीन मारलंय.

मी म्हटलं, “चारशे पुस्तकं आहेत, मॉरिशसच्या शाळेला भेट द्यायची आहेत.”

“मग आधी त्या शाळेचं पत्र आणा.”

“पत्र कशाला? मी पुस्तकं देतेय, वर्गणी मागत नाहीये.”

“बाई, तुम्ही देणार फुकट,” चांदभाई दोरा ओवत म्हणाले. “तिकडचा कस्टमवाला विचारणार, एवढी पुस्तकं? दुकान काढताय का? मग कर भरा. तो कर तुम्हाला नाही, त्या पोरांच्या शाळेला भरावा लागणार. म्हणून शाळेचं पत्र, त्यावर शिक्का, आत काय काय आहे त्याची यादी, आणि यादीवर लिहायचं, देणगी, विक्रीसाठी नाही. मग सोडतात.”

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड. एकतीस वर्षं पोरांना मी नियम शिकवले आणि आता फुटपाथवर बसून मला कुणी शिकवणार! पण तेजसला कळवल्यावर त्यानेही हेच विचारून लिहिलं, आणि पंधरा दिवसांत शाळेचं पत्र आलं.

पत्र आलं ते नेमकं दसऱ्याच्या तोंडावर. दसऱ्याला आम्ही ग्रंथालयात दरवर्षी पुस्तकांची पूजा करायचो. या वर्षी ती माझ्या घरी केली, आणि एकटीनेच. मग मनात आलं, लेकरं परक्या मुलखात निघालीत, त्यांना कोरडं कसं पाठवायचं? म्हणून प्रत्येक पुस्तकात कुंकू लावलेल्या तांदळाच्या चार अक्षता, झेंडूची पाकळी आणि आपट्याचं एक पान घातलं. बारा खोकी भरली आणि चिकटपट्टी मारून बंद केली.

चांदभाई म्हणाले, “एकदा उघडून दाखवा. आत पुस्तकंच आहेत ना?”

“नाही, खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यातून बॉम्ब आणलेत. अहो, शिक्षिकेवर विश्वास नाही तुमचा?”

त्यांनी दाभण ओवलं. खोकं शिवलं. पण बाकीची अकरा घ्यायला तयार होईनात. “आधी एक विमानाने जाऊ द्या, ते सुटलं की बाकीची.” मी चिडून रिक्षा वळवली आणि अकरा खोकी परत घरी आणली. जाताना त्यांना “भारी शहाणे तुम्ही” असंही म्हणाले. आज आठवलं की जीभ चावावीशी वाटते.

दिवाळी झाली आणि तेजसचा ईमेल आला. खोकं कस्टममध्ये उघडलं होतं. यादीत फक्त पुस्तकं, आणि आत धान्य, फूल, पान. बेटावर शेती, बाहेरचा दाणा म्हणजे कीड येण्याची भीती. नियमाप्रमाणे ते सगळं खोकं जाळलं होतं. ‘बाई,’ त्याने लिहिलं होतं, ‘पुढच्या खोक्यांत एक दाणा जरी सापडला तर देणगीची सवलत बंद. सगळ्यावर कर लागेल. शाळेला तो झेपणार नाही, ते माल नाकारतील. आणि मी वीस डिसेंबरला परत निघतोय.’

चौतीस पुस्तकं मी माझ्या हाताने जाळली. त्यात मुलांनी स्वतः बांधलेले हस्तलिखिताचे अंक होते. मी स्वयंपाकघरात बसून रडले, खोटं कशाला सांगू. अकरा खोकी, साडेतीनशेच्या वर पुस्तकं, पानापानांत दाणे, माझ्या एका डोळ्यात मोतीबिंदू, आणि खोकी आठवड्यात निघाली नाहीत तर तेजस असेपर्यंत पोचत नव्हती.

मी पोस्टात गेले आणि चांदभाईंसमोर उभी राहिले. सगळं सांगितलं. वाटलं, आता हा माणूस म्हणणार, मी म्हटलं नव्हतं? मी असते तर म्हटलं असतं, वर दोनदा म्हटलं असतं. त्यांनी दाभण पिशवीत टाकलं, चटई गुंडाळली आणि म्हणाले, “रिक्षा बोलवा, बाई. खोकी आमच्याकडे घेऊन जाऊ. मुमताजची नजर अजून चांगली आहे.”

तीन दिवस त्यांनी धंदा बंद ठेवला. रोजे चालू होते. पाण्याचा घोट न घेता ते नवराबायको खिडकीच्या उजेडात बसून एकेक पान उलटायचे. मुमताजभाभींच्या हातात रंगाचा मऊ ब्रश, चांदभाईंच्या हातात तेच दाभण. शिवणीच्या खाचेत अडकलेला दाणा दाभणाच्या टोकाने अलगद बाहेर काढायचा, कागदाला ओरखडा न पाडता. मी यादीशी ताडून पुस्तकं रचायचे. मी एकदा म्हटलं, “चांदभाई, माझ्या खुळेपणापायी तुम्हाला केवढा त्रास.” तर म्हणाले, “आमच्या पोराला गणित तुमच्याच शाळेत जमलं. बसा गप.”

चौथ्या दिवशी सकाळी खोकी शिवून झाली. मग भाभींनी माझ्या हातात मांजरपाटाची एक छोटी पिशवी दिली. तीही टाके घालून शिवलेली. आत सगळ्या अक्षता होत्या, पाकळ्या होत्या, पानं होती. एकही फेकलेली नव्हती.

“तुमच्या देवाचं आहे,” चांदभाई म्हणाले. “केरात कसं टाकायचं?”

मी ती पिशवी कपाळाला लावली.

अकराही खोकी डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पोचली, उघडली गेली, आणि कर न लागता सुटली. तेजसनेच ती शाळेत नेऊन दिली. जानेवारीत मुलांचं पत्र आलं. मोठ्या तिरक्या अक्षरात लिहिलं होतं की पुस्तकांना शाळेत कपाट मिळालंय, आणि कापडावरचे टाके उसवायला गुरुजींना सबंध तास लागला. ते मी पोस्टाच्या भिंतीशी उभं राहून चांदभाईंना मोठ्याने वाचून दाखवलं. त्यांनी शेवटचं वाक्य परत वाचायला लावलं.

पुढच्या खंडेनवमीला, हत्यारं पुजायच्या दिवशी, मी ताट घेऊन पोस्टापाशी गेले. “चांदभाई, दाभण द्या.”

त्यांनी ते सदऱ्याला पुसलं आणि दोन्ही हातांच्या ओंजळीत धरलं. मी हळद लावली, कुंकू लावलं, आणि भाभींच्या पिशवीतल्या त्याच अक्षता त्यावर वाहिल्या. भर रस्त्यात वाकून नमस्कार केला. रांगेतली माणसं बघत होती, बघू देत.

चांदभाईंचे डोळे भरले होते, पण स्वभाव कुठे जातो? “बाई,” ते म्हणाले, “हे कुठल्या पार्सलात नाही ना जायचं?”

“नाही हो,” मी म्हटलं. “हे इथेच द्यायचं होतं.”