स्टॉलच्या मागची जागा

अंधेरीतल्या आमच्या छोट्या कारखान्यात यंत्रांसाठी रबराच्या रिंगा बनतात. मी तिथे विक्री बघते. आमचा सगळ्यात मोठा ग्राहक म्हणजे बाटल्या भरायची यंत्रं बनवणारी एक कंपनी. दरवर्षी गोरेगावच्या प्रदर्शनात ते त्यांच्या मोठ्या स्टॉलच्या कोपऱ्यात आम्हाला एक टेबल द्यायचे. त्यांच्या खरेदी विभागातली बाई आणि मी, दोघी तिथे चार-चार दिवस उभ्या असायचो. दुपारी स्टॉलच्या पाठीमागे खोक्यांवर बसून डबे उघडायचो. ती मालवणकडची, दहिसरला राहणारी. पहिल्याच वर्षी सुकटीची चटणी माझ्या पोळीवर वाढत म्हणाली, "खा गो, लाजतंस कित्याक?" अशी दहा वर्षं गेली.

मग एक दिवस त्यांच्या कंपनीचं ईमेल आलं. रिंगा आता दुसरीकडून घेणार. खाली सही तिची होती. मी फोन केला, तिने उचलला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

आमचे मालक म्हणाले, "यंदा प्रदर्शन राहू दे." मी म्हटलं, "नाही. आपला स्वतःचा स्टॉल घेऊ, लहान का असेना." भांडून भांडून हो म्हणवून घेतलं. जागा मिळाली ती अगदी टोकाला, स्वच्छतागृहाच्या वाटेवर.

पहिल्याच दिवशी ती समोरून आली, बरोबर तिचे साहेब. माझ्याकडे बघून मान किंचित हलवली आणि म्हणाली, "नमस्कार मॅडम." आणि पुढे गेली. ऑर्डर गेली तेव्हा मी रडले नव्हते. त्या 'मॅडम'नंतर मात्र मी स्वच्छतागृहात जाऊन रडून आले.

दुसऱ्या दिवशी दुपारी डबा घेऊन मी सरळ त्यांच्या स्टॉलच्या मागे गेले. ती खोक्यावर एकटीच बसली होती.

"मॅडम कोणाला म्हणालीस गं?"

"हळू बोल. साहेबांना वाटतं, तुझ्याशी बोलले की आतले भाव बाहेर जातात."

"भाव विचारायला आले नाही मी. फोन का नाही उचललास?"

तिने डब्याचं झाकण लावलं. "सही माझी होती ना. काय तोंड दाखवू तुला?"

"सही कर ना, ते तुझं कामच आहे. पण आधी सांगायला हवं होतंस."

"चुकलंच माझं," ती म्हणाली.

मी म्हटलं, "रविवारी बोरीवलीला घरी ये. दहा वर्षांत एकदाही आली नाहीस."

"आणि तू कितीदा आलीस गं दहिसरला?"

खरंच होतं. शेजारशेजारच्या स्टेशनांना राहूनही आम्ही एकमेकींचा उंबरा पाहिला नव्हता.

रविवारी ती आली. पंधरा मिनिटांत बोलणं संपलं. ऑर्डर, ट्रान्सपोर्ट, कोणाचे साहेब कसे, हे सगळं वगळलं तर आमच्याकडे बोलायला फारसं उरत नव्हतं. चहा निवत होता. तिच्या मुलीला गणित जमत नाही, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. मी मात्र ठरवलं होतं, हे सोडायचं नाही. पुढच्या रविवारी मी दहिसरला गेले. मग ती परत आली. हळूहळू जमू लागलं.

ही जा-ये मालकांच्या कानावर गेली. केबिनमध्ये बोलावून म्हणाले, "मैत्रीण आहे ना तुझी? नवा सप्लायर काय भाव देतो, तेवढं विचार. काम परत आणू."

"नाही विचारणार."

"कंपनीच्या भल्याचं आहे."

"काम मी दुसरीकडून आणते, सर. तिला विचारणार नाही."

आठवडाभर ते माझ्याशी धड बोलले नाहीत. मी त्या टोकाच्या स्टॉलवर मिळालेली सगळी कार्डं काढली आणि एकेकाला फोन लावत बसले. मुलुंडचा एक औषधवाला आणि वसईचा एक सरबतवाला, असे दोन ग्राहक लागले. जुन्या कामाच्या निम्मंही नाही भरत, पण यंत्रं चालू राहिली. तिच्या कंपनीचं काम आम्हाला परत मिळालेलं नाही. मी तिला त्याबद्दल कधी विचारलं नाही, तिनेही कधी काढलं नाही.

गेल्या महिन्यात तिच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. तिला रजा मिळेना, म्हणून मी टाकली आणि दिवसभर हॉस्पिटलात बसले. पट्टी बांधलेल्या आईने माझा हात चाचपत विचारलं, "तू तिच्या हापिसातली काय गो?"

"नाही," मी म्हटलं, "मी तिची मैत्रीण."