चार सारखे टायर

"भाई, एक टायर द्या. एकच. गाडी डावीकडे ओढतेय."

इम्तियाज माझ्यासमोर उभा होता. रेसला थोडाच वेळ उरला होता. माझ्या गाडीशेजारी दोन स्पेअर टायर पडलेले त्याला दिसत होते.

"ओढते तर ड्रायव्हरला सांग, स्टिअरिंग घट्ट धर म्हणावं," मी म्हणालो.

माझे मेकॅनिक हसले. इम्तियाज मुकाट्याने परत गेला.

हा माझा साडू. त्याला कुवेतचा व्हिसा मी मिळवून दिला. जलीबला माझ्याच खोलीत तो राहिला, शुवैखच्या माझ्या गॅरेजात पाना धरायला शिकला. मग एक दिवस मागच्याच गल्लीत स्वतःचं शटर उघडलं आणि वर मिठाई घेऊन आला. मी डबा कामगारांपुढे ठेवला. स्वतः एक तुकडाही तोंडात घातला नाही.

जहराच्या पुढे एका छोट्या गावाबाहेर अबू फहद नावाच्या कुवेतीने रेसचा ट्रॅक बांधला होता. लहानसा, लंबगोल, भोवती काँक्रीटची भिंत. अमेरिकेत शिकताना त्याने असे ट्रॅक पाहिले होते. नेहमीची बंद टपाची गाडी घ्यायची, आतून रिकामी करायची, ड्रायव्हरभोवती लोखंडी पाइपांचा पिंजरा बसवायचा आणि पळवायची. ही स्टॉक कार. या ट्रॅकवर सगळी वळणं डावीकडेच.

अबू फहदकडे अशा गाड्यांचा ताफा होता. तो सांभाळायचं काम एकाच गॅरेजला द्यायचं होतं. त्याने मला एक गाडी दिली, इम्तियाजला एक. ज्याची पुढे येईल, काम त्याचं. मला ते हवंच होतं. ते मिळालं की बायकोला कुवेतला आणायचं ठरलं होतं. हवल्लीत फ्लॅट पाहून ठेवला होता आणि स्वयंपाकघर कुठल्या बाजूला आहे, हेही तिला फोनवर सांगून झालं होतं.

टायर आम्हीच आणायचे होते. शुवैखमध्ये एका पठाणाकडे अमेरिकेतून वापरलेल्या रेसिंग टायरांचा ढीग आला होता. सगळ्यांवर साइज एकच, पण टेप लावली की घेर वेगवेगळा. मी एकेक मोजला. सारखे तेवढे निवडले, बाकीचे बाजूला फेकले. मग भावावरून घसा बसेपर्यंत भांडलो.

"चांगले सगळे तू नेलेस," पठाण ओरडला. "हा कचरा कोण घेणार?"

"मला द्या," मागून आवाज आला. "भाई टाकतील ते मी घेतो. स्वस्तात द्या मात्र."

इम्तियाज. मी टाकलेल्या मालावर त्याने गाडी उभी केली. म्हणून तर रेसच्या आधी तो टायर मागायला आला, आणि म्हणून मला त्याला नाही म्हणताना इतकं बरं वाटलं.

रेस सुरू झाली. सरळ पट्ट्यावर माझी गाडी पुढे. वळण आलं की तिचं नाक भिंतीकडे जायचं, ड्रायव्हरला ॲक्सिलरेटर सोडावा लागायचा. इम्तियाजची गाडी मात्र आपणहून वळणात शिरायची, बैल गोठ्यात शिरतो तशी. ती जिंकली. माझा ड्रायव्हर हेल्मेट काढून म्हणाला, "भाई, वळतच नाही ही!"

अबू फहदने टेप मागवली आणि इम्तियाजच्या गाडीचे मागचे टायर मोजले. उजवा मोठा, डावा लहान. त्याने टाळीच वाजवली. चहाचा कागदी कप जमिनीवर आडवा ठेवून ढकलला. कप सरळ गेला नाही, गोल फिरला.

"बघा. एक बाजू मोठी, एक लहान, की लहान बाजूला आपोआप वळतं. याला स्टॅगर म्हणतात," तो त्याच्या मोडक्या हिंदीत म्हणाला. "इम्तियाज, तुला कुणी शिकवलं?"

मोठा टायर उजवीकडे कसा बसला, हे त्या गड्यालाही ठाऊक नव्हतं. त्याने माझ्याकडे पाहिलं.

"भाईंच्या हाताखाली शिकलो, बाबा."

माझं डोकंच फिरलं. "खोटं! हे मी टाकलेले टायर आहेत. याला काही कळत नाही. मघाशी माझ्याकडे सारख्या घेराचा टायर मागत होता!"

"मग दिला का नाहीस?" अबू फहद म्हणाला.

मी माझ्या दोन स्पेअर टायरांकडे पाहिलं.

"दिला असतास तर त्याचीही वळली नसती." तो पोट धरून हसला. माझे मेकॅनिकही हसले, माझ्याकडून पगार घेणारे.

काम इम्तियाजला मिळालं. आता माझी मेव्हणी हवल्लीत राहते. समुद्रावरचे फोटो ती बहिणीला पाठवते. माझी बायको ते मला पाठवते, खाली एक शब्दही न लिहिता.

यातून मी शिकलो ते एवढंच: दुकानात माल नाकारताना मागे कोण उभा आहे ते पाहावं. बाकी तो नुसत्या नशिबाने जिंकला, हे मी शुवैखमध्ये प्रत्येकाला सांगतो. लोक नीट ऐकून घेतात, मान हलवतात आणि गाडी घेऊन मागच्या गल्लीत जातात.